गेलेल्या माणसाचे काम

(सौंदड येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



हे दिवस तेंदूपत्त्याचे आहेत. आपल्यापैकी पुष्कळजण आज पहाटे तीनला उठून जंगलात गेले असतील, दुपारभर पानांचे पुडे बांधले असतील, फडीवर मोजून दिले असतील, आणि आता इथे येऊन सतरंजीवर बसले आहेत. अशा श्रोत्यांपुढे लांबण लावणे हा गुन्हा होय. पुण्यास न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हा उन्हाळ्यात लोकांना थोडी उसंत असते असे त्यांनी धरले असावे. आपल्या झाडीत वसंतात कोणाला उसंत नसते. तरीही आपण आलात, याबद्दल आभार मानून विषयाकडे वळतो.

चालकांनी मला कामगार चळवळीवर बोला असे सुचविले होते. मी विषय बदलून मागितला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीतील एक कपाट, गोंदियाचे वाचनालय आणि कामगार न्यायालयाचा व्हरांडा, या तीन ठिकाणी. पण तीस वर्षांच्या माझ्या डायऱ्या चाळून पाहिल्या, तर त्यांत मोर्चा, संप, वाटाघाट यांपेक्षा एक नोंद अधिक वेळा आढळते : 'अमक्याच्या घरी जाऊन आलो.' म्हणजे त्या घरी कोणीतरी गेले होते. त्या नोंदींतून मला जे समजले तेवढेच आज सांगणार आहे.

२९ नोव्हेंबर २०२४ हा दिवस आपल्या सडक अर्जुनी तालुक्यात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. भंडाऱ्याहून गोंदियाला निघालेली शिवशाही बस कोहमारा-गोंदिया रस्त्यावर डव्व्याच्या अलीकडे-पलीकडे उलटली आणि अकरा माणसे गेली. मंत्री बोलले, मदत जाहीर झाली, वर्तमानपत्रांनी आकडे छापले. त्या घरांविषयी मी इथे काही बोलणार नाही. त्यांचे दुःख त्यांचे आहे, ते सभेत मांडण्याचा अधिकार मला नाही. पण त्या आठवड्यात रस्त्याने जाताना माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती. ही माणसे बसमध्ये बसली होती ती कशाला? कोणी दवाखान्यात, कोणी लग्नाचे ठरवायला, कोणी पगार आणायला निघाले असेल. ती कामे आता कोण करील?

मयत झाले म्हणजे आपल्याकडे घर एकटे पडत नाही, हे मी अभिमानाने सांगतो. त्या घरची चूल पेटत नाही म्हणून शेजारून भात-वरण येते. बायका येऊन अंगण झाडतात, पुरुष लाकडे फोडतात, सोयरे मुक्काम करतात. तेरवीपर्यंत माणसाला माणूस लागून असते. शहरात मी पाहिले आहे; तिथे तिसऱ्या दिवशी बिऱ्हाडाचे दार बंद होते. पण तेरवी आटोपली, पाहुण्यांनी पिशव्या उचलल्या, मंडपवाला सतरंज्या घेऊन गेला, की चौदाव्या दिवशी सकाळी त्या घरात जी शांतता असते तिच्याविषयी आपले शास्त्र काही सांगत नाही आणि रूढीही काही सांगत नाही. माझ्या अनुभवाने खरे संकट त्या सकाळी सुरू होते.

माणूस गेला म्हणजे त्याच्या मागे त्याचे काम उघडे पडते. ते काम थांबत नाही. मृगात परे टाकायचेच असतात, आषाढात रोवणा करायचाच असतो, म्हातारीला औषध आणायचेच असते, सोसायटीचा हप्ता भरायचाच असतो. हे सारे घरातल्या कोणाच्या तरी अंगावर जाऊन पडते. कोणाच्या, हे ठरवायला घर कधी एकत्र बसत नाही. रडायला एकत्र बसते. त्यामुळे ते काम जो बोलत नाही त्याच्या अंगावर पडते, आणि बहुतेक घरांत असा न बोलणारा प्राणी म्हणजे थोरली मुलगी असते.

अमेरिकेत रूबेन हिल नावाच्या एका समाजशास्त्रज्ञाने १९४९ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. दुसऱ्या महायुद्धात बाप लढाईवर गेलेली आयोवा प्रांतातली घरे त्याने पाहिली होती. त्याच्या म्हणण्याचा आशय असा की, नुसत्या आघातावरून घराचे काय होणार हे सांगता येत नाही. घराजवळ साधने काय आहेत आणि घर त्या आघाताचा अर्थ काय लावते, या दोन गोष्टी मिळवल्या म्हणजे मग कळते. त्याने आणखी एक गोष्ट नोंदली. ज्या घरांनी बापाची जागा घट्ट लिंपून टाकली, त्यांना तो परत आल्यावर पुन्हा सामावून घेणे जड गेले. मला हे वाचून मोठे नवल वाटले. कारण दारू सोडवून आणलेला आमचा एक हमाल घरी परतला, तेव्हा त्याच्या बायकोने त्याला जेवू घातले, अंथरूण दिले, पण धान विकायचा विचार मुलालाच विचारला. तो माणूस पंधरा दिवस ओट्यावर पाहुण्यासारखा बसून होता.

पुरुष गेला म्हणजे घर उघडे पडते आणि बाई गेली म्हणजे फक्त चूल थंड होते, असा आपला एक समज आहे. तो समज एका घराने माझ्यापुरता मोडून टाकला. आमच्या एका हमालाची बायको पावसाळ्यात ताप येऊन चार दिवसांत गेली. महिन्याने मी गेलो तर तो माणूस कोठीतल्या पेट्या उलट्या करून बसला होता. रेशनकार्ड कुठे आहे हे त्याला माहीत नव्हते. धाकट्या पोराला कोणती लस टोचायची राहिली ते माहीत नव्हते. बचत गटाचे कर्ज तिने घेतले होते हे गटाच्या बाया हप्ता मागायला आल्या तेव्हा त्याला कळले, आणि ते कर्ज त्याच्याच मागच्या वर्षीच्या दवाखान्यासाठी घेतले होते हे नंतर कळले. "साहेब, ही एवढं काय काय करत होती?" असे तो मला विचारीत होता. वीस वर्षांचा संसार झाला होता त्यांचा.

तेव्हापासून मी एक प्रघात पाडला. तेरवी झाल्यावर आठवड्याभराने शंभर पानी वही घेऊन त्या घरी जातो. घरातल्या सगळ्यांना, लहान पोरांनासुद्धा, बसवतो आणि विचारतो : तो माणूस सकाळी उठल्यापासून निजेपर्यंत काय काय करीत होता ते सांगा. पहिल्यांदा सगळे मोठी कामे सांगतात. नांगरणी, मजुरी, बाजार. मग एखादे पोर म्हणते, "बाबा रात्री गोठ्याची कडी लावत होते." ते लिहायचे. दुसरे म्हणते, "आजीला नहाणीपर्यंत नेत होते." तेही लिहायचे. वहीची दोन-तीन पाने भरतात. मग प्रत्येक कामापुढे आता ते कोण करील त्याचे नाव घालायचे. एकाच नावापुढे फार कामे जमू लागली की मी पेन थांबवतो, आणि नाव न आलेल्या माणसाकडे नुसता पाहतो. बहुधा तो मोठा मुलगा असतो किंवा दीर असतो.

हा उपाय सगळीकडे चालतो असे मात्र नाही. एका घरी मी घाई करून पाचव्याच दिवशी गेलो. मृताच्या भावाने मला वहीसकट बाहेर काढले. "आमचा माणूस गेला आणि तुम्ही हिशेब घेऊन आले?" त्याचे बरोबर होते.

हे सगळे मला दुसऱ्यांच्या घरी सुचले, स्वतःच्या घरी सुचले नाही. ती हकीकत सांगितल्याशिवाय हे व्याख्यान प्रामाणिक होणार नाही.

माझे वडील एका राईस मिलमध्ये हमाल होते. मिलचे नाव सांगत नाही. मालक आता हयात नाहीत. १९८३ साली, पोळ्याच्या आधी, पोत्यांची थप्पी कोसळून वडील दबले. मी बारा वर्षांचा होतो. मालकाने क्रियाकर्मापुरते पैसे दिले, एक पोते तांदूळ दिले आणि एका कागदावर मायचा अंगठा घेतला. कामावर असताना कामगार मेला तर त्याच्या वारसाला भरपाई मिळावी हा कायदा या देशात १९२३ पासून होता. हे मला कळले तेव्हा मी पंचवीस वर्षांचा होतो. मायला ते कधीच नीट पटले नाही. तांदूळ चांगला होता, असे ती म्हणे.

माय बिड्या वळत होती. वडील गेल्यावर ती निजली ती उठेना. जेवली तर जेवली, नाही तर भिंतीकडे तोंड करून पडून असे. माझी मोठी बहीण, आम्ही तिला बाई म्हणतो, तेव्हा चौदा वर्षांची, आठवीत होती. गणितात हुशार. पोळा झाल्यावर शाळा भरली तेव्हा ती गेली नाही. सूप मांडीवर घेऊन बसली. पाने भिजवायची, फर्मा ठेवून कात्रीने कापायची, जर्दा भरून वळायची, धाग्याने बांधायची, पंचवीस-पंचवीसचे कट्टे करायचे. हजार बिड्या म्हणजे सबंध दिवस आणि वर दिव्याखालची रात्र. सट्टेदाराकडे ते सगळे मायच्या कार्डावर लिहिले जाई, कारण कार्ड मायच्या नावाचे होते. त्या पैशावर मी आणखी काही दिवस शाळेत गेलो. सातवीनंतर मीही सोडली, ते वेगळे. पण सोडताना माझ्यासाठी घरात रडारड झाली होती. बाईच्या वेळी काही झाल्याचे मला आठवत नाही.

पुढे मी युनियनमध्ये आलो. १९६६ चा बिडी कामगारांचा कायदा तोंडपाठ केला. १९७७ पासून बिडीला भविष्यनिर्वाह निधी लागू झाला होता. त्यासाठी गावोगाव कार्डे तपासत हिंडलो, हजारोंच्या बिड्या मोजून दिल्या. मायच्या नावावर जमलेला फंड निघाला तेव्हा त्या पैशातून आमच्या घरावर कौले जाऊन पत्रे आले. त्या घरात मी राहतो. बाई लग्न होऊन सासरी गेली, तिथे सासूच्या कार्डावर बिड्या वळू लागली. तिचे स्वतःचे कार्ड झाले तेव्हा ती सदतीस वर्षांची होती. आठ वर्षांनी तिथल्या सट्टेदाराने काम बंद केले.

काही वर्षांपूर्वी ती माझ्याकडे कागद घेऊन आली. "भाऊ, माझी पेन्शन होते काय पाह्य." १९९५ च्या पेन्शन योजनेला दहा वर्षांची नोकरी लागते. बाईच्या नावावर आठ होती. मी आयुष्यभर लोकांचे असे कागद पाहिले आहेत. पाच मिनिटांत उत्तर देतो. त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. जी दोन वर्षे कमी पडत होती, त्याच्या कितीतरी पट वर्षे तिने काम केलेले मी डोळ्यांनी पाहिले होते, आणि ती वर्षे माझ्या डोक्यावर पत्रे होऊन बसली होती.

मी तिला विचारले, "बाई, तुला शाळा सोड म्हणून कोणी सांगितले होते?"

ती म्हणाली, "कोणीच नाही सांगतलं. माय उठली नव्हती आन् सूप रिकामं होतं."

त्या घरी जर तेव्हा कोणी वही घेऊन आले असते तर काय झाले असते, हा विचार मी पुष्कळ केला आहे. मायला बरे वाटेपर्यंत सहा महिने काढायचे होते. काका होते, त्यांचे दोन बैल होते. मी बारा वर्षांचा धडधाकट पोरगा होतो, मला पाने कापता आली असती. कोणी वाईट नव्हते. कोणाला विचारलेच गेले नाही.

यावरून आपल्या एका आवडत्या गोष्टीविषयी बोलतो. राग मानू नये. गाडगेबाबांना त्यांचा मुलगा गेल्याची बातमी कीर्तनाच्या वेळी कळली आणि त्यांनी कीर्तन थांबवले नाही, ही गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. मी कामगारांच्या सभांत ती सांगत असे. हल्ली सांगत नाही. बाबांविषयीचा माझा आदर तिळभरही कमी झालेला नाही. कर्ज काढून सणवार आणि तेरव्या करू नका, हे त्यांनी आपल्या विदर्भात गावोगाव सांगितले, आणि तेवढे जरी आपण ऐकले असते तरी माझ्या वह्यांतली निम्मी पाने कोरी राहिली असती. पण ती गोष्ट सांगताना आता माझे लक्ष घरी असलेल्या कुंताबाईंकडे जाते. त्यांनी त्या रात्री काय केले, ते कोणी सांगत नाही.

आता कागदांविषयी थोडे सांगून टाकतो, कारण युनियनवाल्याला बोलावले की ते ऐकावेच लागते. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत करा; तेवढ्यात पैसे पडत नाहीत. दाखल्याच्या पाच-सहा प्रती घ्या. बँकेत वारस म्हणून कोणाचे नाव आहे ते जिवंतपणीच बायकोला सांगा; त्याने कोणी मरत नाही. भरपाईचा १९२३ चा कायदा आणि बाकीचे जुने कायदे आता २०२० च्या संहितांत गेले आहेत, आणि त्या संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत. तेव्हा जुन्या कलमांचे आकडे पाठ असतील तर ते विसरा, हक्क विसरू नका. आणि कोणत्याही कागदावर अंगठा देण्यापूर्वी तो दुसऱ्याकडून मोठ्याने वाचून घ्या.

पैसा आल्यावरही घरे मोडतात. मे २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यात, तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. आपल्याकडेही नवेगाव-नागझिऱ्याचे जंगल दाराशी आहे; आज पहाटे आपण किती भीत भीत आत गेला असाल ते मला माहीत आहे. अशा मृत्यूत सरकार बरीच मोठी रक्कम देते, आणि तिच्यातला मोठा भाग मुदत ठेवीत अडकवून ठेवते. लोक त्याला नावे ठेवतात. मी ठेवत नाही. कारण रक्कम जाहीर झाली की सासरचे म्हणतात, आमचा मुलगा होता. माहेरचे म्हणतात, आमच्या मुलीच्या नावावर आहे. आणि जिने कुंकू पुसले तिला कोणी विचारीत नाही. कुंकवाचा विषय निघाला म्हणून सांगतो : कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचे नाही. त्याच महिन्यात सरकारनेही इतर गावांना तसे करण्याचे आवाहन केले. मला त्यात दयेपेक्षा व्यवहार अधिक दिसतो. जी बाई चौदाव्या दिवशी तहसिलीत जाऊन साहेबासमोर उभी राहणार आहे, तिला तेराव्या दिवशी सर्वांसमोर खाली बसवून कसे चालेल?

एक प्रकार असा आहे की जिथे माझी वही अजिबात चालत नाही. आपल्याकडची पोरे हैदराबादला, सुरतेला, नागपूरला कामाला जातात. त्यांतला एखादा परत येत नाही. प्रेत नाही, पत्र नाही, फोन लागत नाही. सात वर्षे पत्ता लागला नाही तर कायदा त्याला मेलेला मानू शकतो. पण त्या सात वर्षांत त्याची बायको मंगळसूत्र घालून रोवण्याला जाते, आणि पाठीमागे बाया कुजबुजतात. तिच्यापुढे कामाची यादी काढायला बसलो तर ती म्हणते, "ते आल्यावर करतील." मी वही मिटून चहा पितो आणि निघतो. महिन्याने पुन्हा जातो.

आणि दुसरा प्रकार याहून कठीण. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि दहा अर्भके गेली. तेव्हा आपला गोंदिया आणि भंडारा हे दोन जिल्हे आहेत हे कोणाच्या ध्यानातही राहिले नाही. मी त्या घरांपैकी कुठेही गेलो नाही. जाऊन काय विचारणार होतो? त्या बाळाने घरातले कोणते काम केले होते की जे वाटून घ्यावे? शेजारी म्हणतात, "दुसरं होईल." नवरा कामावर जातो. बाईच्या अंगावर दूध असते.

एवढे मात्र मी पाहिलेले आहे. आमच्या एका बिडीवालीचे दीड महिन्याचे मूल फार पूर्वी असेच अचानक गेले. मूल लहान म्हणून तेरवी नाही, सोयरे नाहीत, काही नाही. आठव्या दिवशी ती सूप घेऊन ओसरीवर बसली, कारण हप्त्याचा हिशेब जवळ आला होता. हात चालेना. दिवसाच्या दोनशे बिड्याही होईनात. गल्लीतल्या तिघीजणी आपापली सुपे उचलून तिच्या ओसरीवर येऊन बसल्या. मुलाविषयी कोणी बोलले नाही. पावसाचे बोलल्या, पाने यंदा किती फाटकी आली त्याचे बोलल्या. संध्याकाळी कट्टे बांधताना प्रत्येकीने आपल्यातले काही कट्टे तिच्या टोपलीत टाकले. असे महिनाभर चालले. तिची हजारी रोज भरत होती.

सट्टेदाराच्या मुनशीला हाताहाताची बिडी ओळखता येते. कोणाचा पीळ सैल, कोणाचे तोंड जाड, हे तो टोपलीत हात घातल्याबरोबर सांगतो. चार हातांच्या बिड्या एका टोपलीत आहेत हे त्याला पहिल्याच दिवशी कळले असणार. त्या महिन्यात त्याने तिची छाट काढली नाही.